तांब्याच्या वाटीतला ताकभात

कसब्यात कल्हई लावणारा आता कुठे बसतो, हे मी चार दुकानांत विचारलं. तिघांनी नुसती मान हलवली. चौथा भांड्यांचाच दुकानदार होता. तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "तो गेला."

"कुठे गेला?"

"वर."

"मग त्याचा मुलगा?"

"तो बँकेत आहे. आजी, ही वाटी टाका आणि नवी घ्या. तुम्हाला आता किती दिवस लागणार आहे?"

पुण्याच्या दुकानदाराकडून मी याहून गोड बोलणं अपेक्षित धरत नाही. "तुझ्या तेराव्याला आणेन," म्हटलं आणि पायरी उतरले. तो हसला. मीही हसले असेन.

वाटी अशी आहे. तळहातावर मावेल एवढी, तांब्याची, काठ जरा बाहेर वळलेला, बाहेरून सगळी मठारलेली. मठारणं म्हणजे हातोडीचे लहान लहान ठोके एकाला लागून एक बसवायचे. त्याने भांडं घट्ट होतं आणि उजेडात चमकतं. माझ्या सासऱ्यांनी ती केली. आतली कल्हई पार उडाली आहे. तळाशी उघडं तांबं दिसतं आणि काठाखाली पांढरा पट्टा उरला आहे. कितीतरी वर्षं ती माझ्या ट्रंकेत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात होती. मी आपण होऊन काढली नसती. नातीने मागितली.

रेवा माझी नात, माझ्या कुंदाची मुलगी. खराडीला बाराव्या मजल्यावर राहते, कॉम्प्युटरवर काम करते. तिला मुलगी झाली आहे, ईरा. पोर सात महिन्यांची. मागच्या आठवड्यात रेवाचा फोन आला.

"आजी, तुझ्याकडे ती हँडमेड तांब्याची वाटी आहे ना? ईराच्या उष्टावणाला हवीय. फोटोत कसली भारी दिसेल!"

"उष्टावण कधी आहे?"

"डिसेंबरमध्ये. दादा येतोय ना तेव्हा."

मी बोटं मोजली. डिसेंबर म्हणजे नववा महिना. "आणि तोवर पोर काय खाणार?"

मग ती म्हणाली, "आजी, तू वाटी आण ना प्लीज."

उष्टावण म्हणजे बाळाचा पहिला घास. मामाने बाळाला मांडीवर घ्यायचं, सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायची, मग बाकीच्यांनी. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम. पूर्वी हे कुणाला सांगावं लागत नसे. आता सांगावं लागतं, आणि सांगितलं की लोक हॉल बुक करतात.

खीर ठेवायची तर वाटीला कल्हई हवी, म्हणून मी निघाले होते. कल्हईवाला मिळाला नाही. मी तांबट आळीच्या तोंडाशी उभी राहिले. गाड्या जात होत्या, हॉर्न वाजत होते. पण मला ऐकू यायला हवं होतं ते कुठेच नव्हतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळी चूल पेटली की ठोके सुरू होत. घरोघर पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत संसार. बंबाचा ठोका जड, घंगाळाचा पसरट, तांब्याचा बारीक आणि घाईचा. कुणाच्या घरी काय चाललं आहे ते आवाजावरून कळे, आत डोकवावं लागत नसे. पहिले आठ दिवस माझं डोकं फुटायची पाळी आली. नवव्या दिवशी काही वाटेना. तान्ही पोरं त्या ठोक्यांवर झोपत. अमावास्येला काम बंद असे. त्या दिवशी आळीतली सगळी तान्ही पोरं रडून घर डोक्यावर घेत, कारण शांततेत झोपायचं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

वास तीन. चिंचेचा, कारण भांडी चिंचेने उजळत. कोळशाचा. आणि कल्हईच्या दिवशी नवसागराचा. कल्हईवाला कोपऱ्यावर खड्डा करून भट्टी लावी, भाता फुंके, भांडं लाल झालं की नवसागराची चिमूट टाकी. पांढरा धूर उठे, नाकात झणझणे, डोळ्यांत पाणी येई. मग कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्याने अशी फिरवी की तांबडं भांडं आतून चांदण्यासारखं होऊन जाई. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र. आम्ही बाया हातातलं काम टाकून ते बघत असू. रोज बघितलं तरी जुनं होत नसे.

स्टीलची भांडी तेव्हा बाजारात आली होती. आमच्या घरात स्टीलचा चमचासुद्धा नव्हता. सासरे म्हणत, "ते भांडं नाही, पत्रा आहे." तांबटाच्या घरात स्टील म्हणजे शत्रूला पाट मांडून जेवायला वाढणं.

कुंदाला तिसरा महिना लागला आणि माझ्या भावाला, वसंताला, येरवड्याला नेलं. पुण्यात येरवड्याला दोन प्रकारची माणसं नेतात. माझा भाऊ डोक्याने शाबूत होता, म्हणजे तो कुठल्या भिंतीआड होता ते कळलं असेल. का नेलं, ते मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत होतं ते गेले आणि ज्यांना माहीत नाही त्यांचं काही अडलेलं नाही.

सासूबाईंनी आळीत सांगितलं, सूनबाईचा भाऊ सुरतेला कामाला गेला. आळीला सगळं ठाऊक होतं. तरी नळावर बाया विचारत, "सुरतेची हवा कशी आहे हो?" आणि सासूबाई हंडा उचलताना तोंडावरची रेघ न हलवता सांगत, "उकडतं म्हणे."

सासरे पुढच्या खोलीत कुंदाची वाटी घडवत होते. रोजचं काम उरकलं की शेवटची घटकाभर तिच्यावर. वाटी झाली, मठारून झाली, आणि वरच्या फळीवर जाऊन बसली. कल्हई मात्र लावली नाही. ती उष्टावणाच्या आदल्या दिवशी लावायची, अशी त्यांच्या घरची रीत होती. कल्हई लागली म्हणजे वाटी जेवायला मोकळी झाली.

पाचवा महिना गेला. मामा सुरतेला. सातवा गेला. मामा सुरतेलाच.

दूध माझं सहाव्या महिन्यातच आटलं. ताप आला होता, त्यात गेलं. गवळ्याचं दूध बोंडल्याने, त्या चोचीच्या वाटीने, पाजायचं, त्यात निम्मं पाणी, कारण जड पडेल अशी सगळ्यांना धास्ती. पोर बोंडलं रिकामं झालं की चोच ओढत राही आणि मग ओरडे. पुढे पुढे ओरडेनाशी झाली. ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. मांड्यांवरच्या वळ्या गेल्या. आंघोळ घालताना बरगड्या हाताला लागत.

त्याच दिवसांत मी शेजारणीच्या मुलासाठी नाचणीचं सत्त्व काढून देत असे, कारण माझ्या हातचं बारीक होई. नाचणी भिजत घालायची, वाटायची, मलमलीच्या फडक्यातून गाळायची, खाली साका बसला की वरचं पाणी ओतून तो ताटात वाळवायचा. वाळत आलेल्या सत्त्वाचा आंबूस, मातीसारखा वास घरभर असे. मी गच्चीवर शेजारणीच्या पोराचं जेवण वाळवत होते आणि कडेवर माझी पोर माझ्या पदराचं टोक चोखत होती.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, पेज तरी देऊ का? चमचाभर."

"मामाआधी?"

"दुसऱ्या कुणाला मामा करू. माझा चुलतभाऊ लोणीला आहे, निरोप गेला तर उद्या येईल."

"सख्खा जिवंत असताना दुसरा बसवलास तर सख्ख्याचं आयुष्य तोडशील. तुझा तुला भाऊ नको झालाय का?"

त्यांना दुष्ट म्हणावं असं कुणाला वाटेल. मी म्हणत नाही. त्यांची दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती. त्यातल्या एकाला मामा यायच्या आधी कुणीतरी शिरा चाटवला होता, असं त्या सांगत. पोर कशाने गेलं ते कुणालाच कळलं नव्हतं. पण त्या बाईने सगळं दुःख त्या एका शिऱ्याच्या बोटात कोंबून ठेवलं होतं, आणि ते तिथून काढायची कुणाची छाती नव्हती. माझे यजमान पहाटे सायकलवर कारखान्यात जात, संध्याकाळी येत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आई म्हणते ते बघ." पुरुष असं म्हणतात आणि हात धुऊन जेवायला बसतात.

मी चौथीपर्यंत शिकले. पण भुकेलं पोर ओळखायला चौथीसुद्धा लागत नाही.

एका दुपारी सासूबाई कसब्याच्या गणपतीला गेल्या. मी पातेल्याच्या तळाचा भात घेतला, बोटाने लोण्यासारखा कुस्करला, वरणाच्या वरचं पाणी घातलं. मीठ घातलं नाही. मिठाची बरणी उंच होती, काढताना तिचं झाकण वाजे. वाटी ती फळीवरची घेतली. रोजच्या वाट्या सासूबाईंच्या नजरेत मोजून असत, एक हलली तरी त्या विचारत. ही एकच अशी होती की जागेवर नसली तरी कुणी बघणार नव्हतं. चुलीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसले, पोर मांडीवर, आणि पहिला घास बोटाने आत सारला.

तिने तो थुंकला. मग जीभ फिरवली. मग माझं बोट धरून ओढलं.

पुढच्या खोलीत ठोके चालू होते. ठोके चालू असले की मचमच ऐकू जात नसे, पोर कुरकुरली तरी चाले. ठोके थांबले की माझा हात वरच्या वर थांबे. सासरे पाणी पीत असतील, तंबाखू मळत असतील. पुन्हा ठोके, पुन्हा घास. असं रोज दुपारी, सासूबाई माजघरात आडव्या झाल्या की. सासरे पूर्वी जेवल्यावर पाठ टेकत. त्या महिन्यात त्यांनी पाठ टेकली नाही, ती घटका ते ठोकतच राहिले. का, ते मी विचारलं नाही. त्यांचं माझं बोलणं फक्त भांड्यांतून होई. रिकामं भांडं ठेवलं की मी भरून आणायचं.

पोर पंधरा दिवसांत पुन्हा ओरडायला लागली. भरल्या गळ्याने. मला बरं वाटलं.

पुढची चूक माझी. ती मी कुणावर ढकलणार नाही.

कुंदाला ताकभात आवडायला लागला होता. वाटी रोज लगेच रिकामी होई आणि मी ती चिंचेने घासून फळीवर ठेवी, म्हणून तोवर काही झालं नव्हतं. एका सकाळी सासूबाई नळावर होत्या, मी ताकभात कालवला आणि तेवढ्यात दारात नणंद आली, तिच्या दोन जावांना घेऊन. मी वाटी पिठाच्या डब्यामागे सरकवली. बाया चहा पिऊन, जेवून, पान खाऊन उठल्या तेव्हा उन्हं पार मागच्या भिंतीवर गेली होती. कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट ठेवू नये, ते कळकतं, हे तांबटाच्या घरातल्या मांजरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण पोर सकाळपासून उपाशी होती, दुसरा भात उरला नव्हता, आणि त्या कोपऱ्यात उजेड नव्हता. मी भरवलं. तिने तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, नखरे करू नकोस.

घटकाभरात तिने ओकायला सुरुवात केली. थांबेचना. हिरवट ओकारी, मग नुसती लाळ, मग मान टाकली.

सासूबाई आणि मी तिला घेऊन पेठेतल्या डॉक्टरकडे पळालो. पायांत चपला नव्हत्या, हे परत आल्यावर कळलं. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, डोळे उघडून बघितले आणि विचारलं, "काय खाल्लंय हिने?"

"दुधाशिवाय काही नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "उष्टावणच व्हायचंय अजून."

"नुसतं दूध? नीट आठवा. काहीतरी गेलंय पोटात."

"शपथ घेऊन सांगते. देवाची."

माझ्या खांद्यावर, जिथे तिने ओकलं होतं तिथे, भाताचं एक शीत चिकटलं होतं. ते मला दिसत होतं. अजून कुणाला दिसलं नव्हतं. पदर ओढून घेतला असता तर दिसलंही नसतं. बाहेर बाकावर आळीतल्या दोन बाया बसल्या होत्या, कान इकडे लावून.

मी म्हटलं, "मी दिलं. ताकभात. तांब्याच्या वाटीतला, बिनकल्हईच्या. सकाळपासून ठेवलेला."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

डॉक्टर फाडफाड बोलले. "भांडं बघायला नको? तांबटाच्या घरच्या तुम्ही! अजून थोडं पोटात राहिलं असतं तर पोर हाताला लागली नसती." मग तिचा दंड दोन बोटांत धरून बघितला आणि आवाज उतरवून म्हणाले, "किती महिन्यांची आहे? आठवा सरला? मग हिला भात आजवर का नव्हता? भात दिलात ते बरोबर केलंत. उशीर केलात."

मी ते वाक्य गाठीला बांधलं. आजही आहे.

दोन दिवस चमच्या चमच्याने पाणी पाजलं. घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. सासूबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. रात्रंदिवस पोरीच्या उशाशी बसून राहिल्या, जपमाळ हातात, पण ओढत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदाने डोळे उघडले आणि भुकेने ओरडली. मी तिला उचलून स्वयंपाकघरात गेले. फळीवर वाटी नव्हती. मला वाटलं, फेकून दिली.

पुढच्या खोलीतून सासरे आले. बायकांच्या खोलीत ते कधी पाऊल टाकत नसत. उंबऱ्यावर उभे राहून ते वाकले आणि वाटी आत सरकवली. आतून पांढरीशुभ्र. नवसागराचा वास अजून जिरला नव्हता. ते वळले आणि ठोके सुरू झाले.

कल्हई लागली होती. त्या घरात याचा अर्थ सांगावा लागत नसे.

सासूबाई उठल्या. त्यांनी स्वतः मऊ भात शिजवला. वाटीत वाढला. माझ्यासमोर ठेवला. आणि पाट फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"मी बघितलं नाही म्हणजे झालं नाही," त्या भिंतीला म्हणाल्या. "भरव."

पुढे तीन महिने रोज दोन वेळा सासूबाईंनी भात शिजवला, वाढला आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. मध्येच भिंतीला विचारत, "संपला का? अजून वाढू?"

वसंता सुटून आला तेव्हा कुंदाला अकरावा चालू होता, भिंत धरून चालत होती, वर खाली मिळून चार दात. मग रीतसर उष्टावण झालं. आळीतल्या बाया जमल्या. वसंताने अंगठी बुडवून बोट पुढे केलं. कुंदाने ते कडकडून चावलं, वाटी स्वतःकडे ओढली आणि खीर चाटूनपुसून संपवली. शेजारीण म्हणाली, "पहिलाच घास ना हो?"

"पहिलाच," सासूबाई म्हणाल्या.

"मग पोर फार हुशार आहे."

"मामावर गेलीय," सासूबाई म्हणाल्या, आणि सुरतेच्या हवेबद्दल कुणी काही विचारायच्या आत पेढे फिरवले.

त्या वाटीत कुंदा जेवली, तिच्या पाठचा जेवला. मग कल्हई उडाली. मग सासरे गेले, ठोके गेले, घराच्या जागी चार मजले उभे राहिले. सगळ्यात वरच्या दोन खोल्यांत आता मी राहते. रडगाणं नाही. पाणी चोवीस तास आहे.

त्या दिवशी मी आळीच्या तोंडाशी उभी होते, हातात बिनकल्हईची वाटी. समोरच्याच दुकानात शिरले, त्या वर्तमानपत्रवाल्याच्या. म्हटलं, "स्टीलची वाटी दे. लहान."

"शेवटी घेतलीत ना?"

"तोंड बंद ठेव आणि दे."

सासरे असते तर त्यांनी घरात घेतलं नसतं. पण सासरे असते तर कल्हईवालाही असता.

रेवाने गाडी पाठवली होती. खराडीला पोहोचले. कुंदा तिथेच होती, मुलीच्या मदतीला म्हणून महिनाभर राहिलेली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर भाज्या वाफवायचं यंत्र, रबरासारखे चमचे, लाळेरी, खिसे असलेली प्लास्टिकची ताटली. सगळ्यांवर अजून किमतीच्या चिठ्ठ्या. सगळं होतं, जेवण तेवढं नव्हतं. ईरा उंच खुर्चीत बसून आमच्या ताटांकडे बघत होती. मी पोळी तोडली, तिने पोळीकडे बघितलं. मी घास उचलला, तिचं तोंड हलायला लागलं. मी गिळला, तिने आवंढा गिळला. पुढे वाकून तिने माझ्या मनगटावर हात मारला. नेम चांगला होता.

"वजन किती वाढलं?" मी विचारलं.

रेवा ताटातली कोशिंबीर ढवळत राहिली. "या महिन्यात नाही वाढलं. डॉक्टर म्हणाले, सॉलिड्स स्टार्ट करा, ऑलरेडी लेट आहे. माझं पण ऑफिस सुरू झाल्यापासून दूध कमी झालंय."

"मग?"

"मग काय आजी? सासूबाईंनी हॉल बघितलाय, फोटोग्राफर ठरलाय. दादाची तिकिटं झालीत. त्यांचं इमोशनल आहे ते. मी कशाला उगाच इश्यू करू? दोनच महिने आहेत."

"दोन महिने तू राहून बघ दुधावर."

"आई, तू यात पडू नकोस," कुंदा म्हणाली. "तिचं सासर आहे. आणि निनाद दोन वर्षांनी येतोय. भाचीला पहिला घास त्याने भरवावा, असं मला वाटलं तर काय चुकलं? रीत ती रीत. माझं नाही का मामाने केलं? मामा शेवटपर्यंत सांगायचा, तू माझं बोट चावलं होतंस म्हणून."

निनाद गुणी आहे. माझाच नातू आहे. पण त्याच्या रजेसाठी पोरीची भूक थांबत नाही.

"चावलंस, कारण तुला चार दात होते," मी म्हटलं. "तीन महिने रोज भात खात होतीस. तुझं उष्टावण मामाने केलं नाही. मी केलं. चोरून, चुलीमागे बसून, या वाटीत."

मी तांब्याची वाटी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. येरवडा सांगितला, बोंडलं सांगितलं, पिठाचा डबा सांगितला, डॉक्टर सांगितले. फार वेळ लागला नाही. साठ वर्षांची कुंदा माझ्याकडे बघत होती. मग तिने वाटी उचलून आत बघितलं, जसं काही अजून तळाशी शीत असेल.

"म्हणजे मी मेले असते," ती म्हणाली.

"असतीस. दोनदा. एकदा रीतीने, एकदा माझ्या हाताने. रीतीने मेली असतीस तर कुणी मला बोललं नसतं. माझ्या हाताने मेली असतीस तर आळीने मला जगू दिलं नसतं. तरी मी पुन्हा तेच करीन. भांडं बदलीन, एवढंच."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"आज कामाला आलं."

ईराने खुर्चीच्या फळीवर दोन्ही हात आपटायला सुरुवात केली. धप धप धप. मला ते ओळखीचं वाटलं.

रेवा उठली. तिने कुकरला मूठभर तांदूळ आणि थोडी मुगाची डाळ लावली. शिट्ट्या होईपर्यंत ती ओट्याला टेकून उभी होती, आमच्याकडे पाठ करून. मी म्हटलं, "सासूबाईंना सांगताना हवं तर माझं नाव घे. म्हणावं, म्हातारी आली होती, तिने ऐकलं नाही. म्हातारीला कोण काय करणार?"

"नाही आजी," ती वळून म्हणाली. "मी सांगेन. आजच फोन करते. दादा आला की फंक्शन करू, जेवायला बसू. पण ती तोवर उपाशी नाही राहणार. मुलगी माझी आहे."

हे वाक्य तिला सात महिने जमलं नव्हतं. जमलं.

मी पिशवीतून स्टीलची वाटी काढली, धुतली. भात घोटून तिच्यात घातला. घास मी केला नाही. वाटी रेवापुढे सरकवली आणि हात मागे घेतला.

"आणि ही?" कुंदाने तांब्याची वाटी वर धरली.

"हिच्यात फुलं घाला. फोटोला बरी दिसेल. फुलं कुणी खात नाही."

रेवाने बोटाच्या टोकावर भात घेतला. ईराने तोंड उघडलं, भात आत गेला, तिच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि तिने तो सगळा रेवाच्या हातावर थुंकला. रेवा घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"माझ्याकडे काय बघतेस? पहिला सगळेच थुंकतात. दुसरा दे."

दुसऱ्या घासाला पोरीने जीभ फिरवली. मग दोन्ही हातांनी रेवाचं बोट धरलं आणि ओढलं. रेवाने स्वतःचं तोंड आ केलं होतं, जसं बाळाला भरवताना सगळ्या जगातल्या बाया करतात आणि त्यांना कळत नाही. माझंही उघडलं होतं. शेजारी कुंदा, केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा, आ करून बसलेली.

मी वाटीच्या काठावरचा भात बोटाने निपटला आणि कुंदाच्या तोंडात घातला.

तिने गिळला. चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाली, "मीठ नाही याला."

"तुझ्याही पहिल्या घासाला नव्हतं," मी म्हटलं.